डाग काढलेली चिठ्ठी

२१ नोव्हेंबर २०२३
आज ती दुकानात आली. हर्षाली, पिंपळवंडीची. कॉलेजात माझ्या मागे एक वर्ष होती, मी कॉलेजात होतो तेव्हा. जर्नलवरून सर सगळ्यांसमोर टाकून बोलले, मी ते जर्नल त्यांच्याच टेबलावर आपटलं आणि निघालो, तो परत गेलो नाही. तेव्हापासून नारायणगाव स्टँडसमोर शौकतभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात आहे. महाळुंगे पडवळहून रोज गाडीवर येतो. घरी सांगितलंय, पुढच्या वर्षी परत ॲडमिशन घेणार. बघू.

तिनं वडलांची चिठ्ठी आणली होती, डॉक्टरची. चार घड्यांवर फाटलेली, वर चहाचा डाग. वडील म्हणजे हौशीराम, आळेफाट्याच्या जीपवर असतात ते. त्यांना संधिवात. गोळी घेतली की बोटं वळतात, नाही घेतली की गिअर पडत नाही. आणि मेडिकलवाला अमृत आता कुरकुर करायला लागलाय, नवीन चिठ्ठी आणा म्हणतो.

"लॅमिनेशन करून मिळेल का?"

"लॅमिनेशन काय, नवीकोरी करून देतो."

दाखल्यांच्या झेरॉक्सला गर्दी होती. तिनं चिठ्ठीच्या मागे तिचा नंबर लिहिला. "झालं की फोन करा." करा म्हणाली. एका वर्षाच्या फरकाला 'करा' कशाला?

२२ नोव्हेंबर
दोन तास त्या चिठ्ठीवर बसलो. स्कॅन केली आणि कॉम्प्युटरवर एकेक डाग पुसला. चहाच्या डागाखाली तारीख होती, डागाबरोबर तीही गेली. खाली मेडिकलचे निळे शिक्के एकावर एक मारलेले होते, ते काढले. सगळ्यात खाली बॉलपेनानं बारीक तीन ओळी, पाणी लागून पसरलेल्या. गोळ्यांची नावं वर आहेतच, म्हणून त्याही उडवल्या. आता कागद असा दिसतो की डॉक्टरनं आज सकाळी लिहिलाय. घरात ठेवायला एक मोठी प्रत, जीपमध्ये ठेवायला एक खिशातली. दोन्ही लॅमिनेट.

शौकतभाईंचा एकच नियम आहे: मूळ कागद आधी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, प्रत नंतर. आज तो मी मोडला. तिनं विचारलं, जुनी कुठंय? मी म्हटलं, तुकडे झाले, टाकून दिली. खरं म्हणजे ती या डायरीत आहे, मागच्या कव्हरच्या खिशात. मागे तिच्या हातचा नंबर आहे ना. अक्षर थोडं डावीकडे कलतं.

ती लॅमिनेशन उन्हात धरून म्हणाली, "भारीच की. पप्पा खूश होतील."

घरी जाताना कळंबच्या पुढे गाडी शंभरवर नेली.

३ डिसेंबर
रविवार. काही काम नसताना आळेफाट्याच्या जीपमध्ये बसलो. पुढची सीट मिळाली. हौशीराम म्हणाले, "त्यो लॅमिनेशनवाला तूच का? येक नंबर काम केलंस राव. अमृत गप गोळ्या देतोय आता."

"तुमच्यासाठी काय पण, मामा."

मामा मुद्दाम म्हटलं. परत आल्यावर शौकतभाईंना सांगितलं तर ते हसून मशीनवर वाकले. "अरे, ज्याला मामा म्हणतोस त्याच्या मुलीचं काय होतं ते सगळ्या तालुक्याला कळतं. त्याला कळलं नसेल होय?"

कळलं असेल तर बरंच आहे.

१८ फेब्रुवारी २०२४
मामांनी आता माझं नाव 'झेरॉक्स' ठेवलंय. स्टँडवर मला बघितलं की ओरडतात, "ए झेरॉक्स, आज कुटं सासुरवाडी?" बाकीचे ड्रायव्हर हसतात. दुसरा कोणी असता तर कॉलर धरली असती.

मामांची तब्येत चांगली सुधारलीय. तोंड गोल झालंय, गालावर लाली. लोक म्हणतात द्राक्षाची बाग घेतली काय. आज आळेफाट्याला जीप उभी होती तेव्हा त्यांनी डॅशबोर्डातून स्ट्रिप काढली आणि दोन गोळ्या तोंडात टाकल्या. चिठ्ठीवर एक आहे. मी म्हटलं, मामा, दोन?

"येकीनं आता भागत न्हाई. इथल्या मेडिकलला तुझी धाकटी चिठ्ठी दावतो, नारायणगावला थोरली. घरी बोलू नको. हर्षाली लई कटकट करती. तिला वाटतं दुखलं तर येखादी घेतो."

आमच्या दोघांचं असं काहीतरी आहे जे घरात कोणाला माहीत नाही. बरं वाटलं.

९ जून
मामांच्या सीटवर उशी आलीय. म्हणतात, सीट दबली. जीप जुनी आहे, खरं असेल.

हर्षालीची परीक्षा संपली. स्टँडवर भेटली. पावसाचं बोललो, निकालाचं बोललो. एकूण चार मिनिटं. जे बोलायचं होतं ते सोडून सगळं बोललो.

२९ सप्टेंबर
आता दोन उश्या. सुरेश म्हणून जुन्नर लाइनचा ड्रायव्हर आहे, तो सगळ्यांसमोर म्हणाला, "हौशीराम, तिसरी टाका, मंग इमानच चालवाल." मामा हसले, मला नाही सहन झालं. मी सुरेशच्या जीपच्या बॉनेटवर लाथ मारली. शौकतभाईंनी ओढत दुकानात आणलं. "डोकं बर्फाच्या लादीवर ठेव जरा. बॉनेटनं काय केलंय तुझं?"

मामांच्या हातांवर जांभळे डाग असतात, नुसतं दाराला घासलं तरी. पाठही धरलीय. मलम लावतात आणि कंबरेला बायकोचं लुगडं आवळून बांधतात. ड्रायव्हरला पाठदुखी नाही तर कोणाला असणार?

एक मात्र गंमत. डिसेंबरात पहिल्यांदा मामांशेजारी उभा राहिलो होतो तेव्हा त्यांचा कान माझ्या नाकाशी यायचा. आज त्यांच्या टोपीची कड नाकाशी आली. माझी उंची या वयात वाढत असेल का? आईला विचारलं तर म्हणाली, अक्कल वाढव आधी.

१८ फेब्रुवारी २०२५
उद्या शिवजयंती. शिवनेरीवरून ज्योत न्यायला रस्ताभर पोरं, भाड्यांवर भाडी. मामा पहाटेपासून गाडीवर होते. दुपारी वारूळवाडीच्या अलीकडे टायर पंक्चर झाला. स्टेपनी उचलायला वाकले आणि तिथंच बसले. पोरं म्हणाली, कट्ट असा आवाज आला. उभंच राहता येईना. पोरांनी टायर बदलला, तोवर निरोप मिळून मी आणि हर्षाली पोचलो. जीपच्या मागच्या बाकावर आडवं टाकून मंचरला हाडाच्या दवाखान्यात नेलं. गाडी मी चालवली. दोन उश्या काढाव्या लागल्या, माझं डोकं टपाला लागत होतं. हर्षाली मागे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन होती. प्रत्येक गतिरोधकाला ते ओरडत होते आणि ती मला म्हणत होती, "हळू, हळू चालवा ना."

ती माझ्या गाडीत बसावी असं मी किती वेळा या डायरीत लिहिलंय. असं नव्हतं लिहिलं.

२० फेब्रुवारी
एमआरआय झाला. पाठीचे दोन मणके चेपलेत. एक ताजा, परवाचा. दुसरा जुना, कधीतरी असाच बसलेला, मामांना कळलंही नाही. डॉक्टर श्रेया मॅडमनी फोटो उजेडावर लावून दाखवला. बाकीचे मणके चौकोनी, हे दोन पाचरीसारखे. उंची मोजली, एकशे एकसष्ट. मामा म्हणाले, पोलीस भरतीत एकशे अडुसष्ट भरली होती.

म्हणजे मी उंच होत नव्हतो. ते खाली येत होते.

मॅडम म्हणाल्या, "हाडं आतून भुसभुशीत झालीत. या वयात अशी होत नाहीत. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू होत्या का?"

हर्षालीनं पर्समधून लॅमिनेशन काढलं. मॅडमनी ते उलटसुलट केलं. "यावर तारीखच नाही. किती दिवस चालू आहेत?"

"दुखलं तर येखादी," मामा पडल्या पडल्या म्हणाले. "वरीस-दोन वरीस झालं असंल."

हर्षालीनं मान डोलावली. तिला तेवढंच माहीत आहे.

मी ओरडलो, "त्या गोळ्या आधी उकिरड्यावर फेका!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "फेकल्यास तर याहून वाईट होईल. या गोळ्या रोज घेणाऱ्याचं शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं सोडून देतं. एकदम बंद केल्या की माणूस कोसळतो." मग मामांकडे वळल्या. "मंगळवारी मणक्यात सिमेंट भरायचंय. भूल द्यायची म्हणजे मला खरं कळायला हवं. किती वर्षं आणि रोज किती. चुकीचं सांगितलंत तर टेबलावर ब्लडप्रेशर खाली जाईल आणि आम्ही कारण शोधत बसू."

मामा म्हणाले, "सिमिट भरणार? मंग वरून जरा पानी बी मारा, तडा जाया नको." सगळे हसले. प्रश्न तिथंच राहिला.

२१ फेब्रुवारी
सकाळी अमृतच्या मेडिकलवर गेलो. काउंटरवरून हात घालून त्याची कॉलर धरली. म्हटलं, बिनचिठ्ठीच्या गोळ्या विकून माणसाची पाठ मोडलीस. दोन गिऱ्हाइकं मध्ये पडली. अमृत घाबरला नाही. कॉलर नीट केली, मोबाइल काढला आणि एक फोटो समोर धरला. त्यांच्याकडे चिठ्ठीचा फोटो काढून ठेवतात.

"बिनचिठ्ठीच्या? ही बघ चिठ्ठी. आधीचा कागद आणायचे तवा शेवटी शेवटी मी देत नव्हतो. त्यावर खाली लिहिलं व्हतं सगळं आणि आमच्याच दुकानाचे जुने शिक्के व्हते. मग ही आणली. म्हटलं, नवीन डॉक्टरला दाखवलं असंल. माझी चूक झाली, तारीख नाही हे बघायला हवं व्हतं. पण ही कलाकारी कोणाची? सांग की लोकांना."

लोक बघत होते. मी निघून आलो.

दुकानात आल्यावर डायरीच्या कव्हरातून मूळ कागद काढला. मशीनच्या काचेवर ठेवून खालून उजेड पाडला. तारीख दिसते, ८ फेब्रुवारी २०२०. लॉकडाऊनच्या आधीची. आणि खालच्या तीन ओळी पण लागतात:

ही गोळी दीड महिनाच. दर आठवड्याला कमी करत आणणे.
आपल्या मनाने चालू ठेवू नये, एकदम बंदही करू नये.
पंधरा दिवसांनी दाखवणे.

दीड महिना. पाच वर्षं झाली. आणि या ओळी मी माझ्या हातानं उडवल्यात, तिला खूश करायला.

शौकतभाईंनी मागून वाचलं. म्हणाले, "मूळ कागद गिऱ्हाइकाच्या हातात का द्यायचा, आता कळलं?"

२२ फेब्रुवारी
गेलो नाही. दुकानातही नाही, मंचरलाही नाही. आईला सांगितलं ताप आलाय.

मॅडमना काय फोननं सांगता येणार नाही? येईल. नाव न सांगता. पण नाव न सांगता आलेल्या फोनवर त्या कशाला विश्वास ठेवतील? हर्षालीला बाजूला घेऊन 'मामा दोन घेतात' एवढंच सांगितलं तर? मग ती विचारेल, कुठून, कशावर. मग धाकटी चिठ्ठी निघेल. मग मोठी. मग हा कागद.

किंवा मामा सोमवारी स्वतःच खरं बोलतील.

२३ फेब्रुवारी
रविवार. मंचरला गेलो. दाराबाहेरूनच परत फिरलो. आत हर्षाली त्यांच्या पायाच्या अंगठ्याला हात लावून विचारत होती, "कळतंय का?" मामा म्हणत होते, "उजव्याचं जरा मुंग्यावानी हाय." मॅडमनी सांगितलंय, तुकडा मागे सरकला तर नस दाबेल, म्हणून थांबायला वेळ नाही.

येताना मंचरच्या बाहेर रस्त्याकडेला गाडी लावून बसलो. कागद खिशात होता. फाडला असता तर कोणाला कधीच कळलं नसतं. अमृतच्या फोनात माझीच नवी प्रत आहे.

फाडला नाही. फार मोठं काही केलं असं नाही. मागे नंबर होता म्हणूनही असेल.

२४ फेब्रुवारी
दिला.

मॅडम राउंडला आल्या होत्या. हर्षाली होती, तिची आई होती. मी कागद सरळ मॅडमच्या हातात ठेवला आणि एका दमात बोललो. तारीख, दोन चिठ्ठ्या, दोन मेडिकल, रोजच्या दोन गोळ्या. डाग मी काढले. ओळी मी काढल्या. कागद टाकून दिला म्हटलं ते खोटं होतं.

मॅडमनी तीन ओळी मोठ्यानं वाचल्या. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. "पाच वर्षं, रोज. गेलं वर्षभर डबल डोस. हो. वरून स्टिरॉइडचं कव्हर द्यावं लागेल." बस, एवढंच. मला शिव्याही दिल्या नाहीत.

मग मामा बोलले. छताकडे बघत.

"मला म्हाईत व्हत्या त्या वळी. पाठ हायेत. अमृत त्याच वळीवर बोट ठिवायचा अन् गोळ्या देत न्हवता, म्हनून तर पोरीला तुझ्याकडं धाडली. नव्या कागदावर वळी न्हवत्या तवा मी म्हनलं, पोरगं हुशार हाय. समजून उडवल्या. म्हनून तुला जीपमदी पुढं बसवत व्हतो."

"मामा, मी वाचल्याच नव्हत्या."

"त्ये आता कळतंय."

"पण तुम्ही का—"

"गोळी सोडली की दोन दिसात बोटं अशी व्हायची." त्यांनी मूठ आवळून दाखवली, ती नीट आवळलीही नाही. "गिअर पडत न्हाई त्याला डायवर म्हनत न्हाईत, झेरॉक्स."

हर्षालीची आई रडायला लागली. हर्षालीनं मॅडमच्या हातातून कागद घेतला, पालथा केला. स्वतःचं अक्षर बघितलं.

"टाकून दिला म्हणाला होतास तू."

पहिल्यांदा मला तू म्हणाली.

२५ फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. मध्ये एकदा ब्लडप्रेशर उतरलं होतं, पण त्यांनी औषध आधीच तयार ठेवलं होतं. हे मला आवारातल्या वॉर्डबॉयनं सांगितलं. वर जायला मला कोणी नको म्हटलं नव्हतं. गेलो नाही.

अमृतकडे जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, चहा घे. नंतर म्हणाला, मीही झोपलो नाही रे चार दिवस.

६ मार्च
हर्षाली दुकानात आली. मूळ कागद काउंटरवर ठेवला. "दवाखान्याच्या फायलीला प्रत हवीय."

मी सवयीनं स्कॅनर उघडला.

"डाग काढू नकोस. आहे तशी."

"पाठपोट काढू?"

"एकाच बाजूनं."

काढली. चहाचा डाग, शिक्के, फाटलेल्या घड्या, खालच्या तीन ओळी, सगळं आलं. मूळ कागद आधी तिच्या हातात दिला, मग प्रत. तिनं दोन्ही फायलीत ठेवलं आणि गेली. डायरीचा मागचा खिसा आता रिकामा आहे. नंबर पाठ आहे, पण लावायचा कसा?

शौकतभाई म्हणाले, "कॉलेजचे फॉर्म जूनमध्ये निघतात. तुझा मी भरू, का तू भरतोस?"

१४ जून
आज मामा आले. पाठीला पट्टा, हातात काठी, पण स्वतःच्या पायांनी. जीप आता त्यांचा भाचा भरत चालवतो, उश्या त्यानं मागच्या बाकावर टाकल्यात. मामांची छाती जेमतेम काउंटरच्या वर येते. गोलपणा उतरलाय, तोंड पुन्हा हाडांचं दिसतं. बोटं सुजलेली आहेत. वातासाठी दुसरं औषध लागू केलंय, त्याला वेळ लागतो म्हणे.

"काय झेरॉक्स, सासुरवाडीला सुट्टी दिली काय?"

मी स्टूल पुढे सरकवलं. मग त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. डॉक्टरची, ताजी, तारखेची. आता अर्ध्या गोळीवर आलेत, पुढच्या महिन्यात पाव.

"लॅमिनेशन करू का मामा?" मला माझीच मस्करी करायची होती.

"नगं. ही दर म्हैन्याला बदलती."

हर्षाली मागे उभी होती. पुढे येऊन म्हणाली, "एक प्रत दे. पाठपोट काढ."

मी कागद पालथा केला. मागे गोळ्यांचं कोष्टक होतं, कुठल्या आठवड्यात किती, तिच्या हातचं, डावीकडे कललेलं. नंबर नव्हता. तरी मी नीट सगळं बघितलं.

पाठपोट काढली. मूळ कागद आधी तिच्या हातात दिला. प्रत एकच काढली होती, तीही दिली.